जीपला भरलं कापरं

मोखाड्याचा बाजार उरकून पुष्पाची जीप जव्हारच्या रस्त्याला लागली, तोवर आतल्या बायकांचं बोलणं सुकटीच्या भावावरून उद्याच्या खो-खोवर येऊन पोचलं होतं.

"नऊच्या नऊ पोरी हजर पायजेत," मागच्या बाकावरून हिराबाई बजावत होती. "एक जरी कमी पडली तरी मैदानात उभं करत नाय. मास्तरांनी सांगून ठेवलंय."

तिची लेक दिपिका तिला खेटून बसली होती. नव्या कॅनव्हासच्या बुटांची पिशवी तिनं मांडीवर घट्ट धरली होती आणि दर दोन मिनिटांनी आत डोकावून बघत होती, जणू बूट वाटेत उतरून जातील. वांगणीच्या शाळेत खो-खो खेळणाऱ्या पोरी तशा चौदा. पण दिवाळी झाली, पाच घरं भिवंडीकडं वीटभट्टीवर गेली आणि त्यांच्याबरोबर पाच पोरीही गेल्या. उरल्या बरोब्बर नऊ. उद्या जव्हारला तालुक्याचा शेवटचा सामना होता, आणि वांगणीहून तेवढ्या सकाळी सुटणारी गाडी एकच होती, ती म्हणजे पुष्पाची.

ही जीप पुष्पाच्या नवऱ्यानं, गोरखनं, जुन्यात घेतलेली. गावाकडच्या रस्त्यावर दगडच असे की साध्या गाडीचं पोट खरवडून निघायचं. म्हणून त्यानं भिवंडीच्या एका मिस्त्रीकडून ती चांगली वीतभर उंच करून घेतली आणि चाकंही मोठी बसवली. म्हाताऱ्या माणसांना चढायला मागं लाकडी खोकं ठेवावं लागे. पुढं गोरख ठाण्याला कामाला लागला आणि गाडी पुष्पाच्या हातात आली. "बाई चालवते" म्हणून पहिले सहा महिने लोक बसायला बिचकले. आता दोन वर्षं झाली होती, आणि तेच लोक फाट्यावर उभे राहून "पुष्पाची गाडी गेली का रं?" असं विचारत.

सरळ डांबरी पट्टा लागला तसा पुष्पानं पाय जरा दाबला. काटा पंचेचाळीसला टेकला. रस्त्यात कुणीतरी पाइपासाठी चर खणून ओबडधोबड बुजवला होता. त्या उंचवट्यावरून पुढचं चाक धाडकन गेलं आणि स्टिअरिंग थरथरलं. आधी जरासं, मग इतकं जोरात की पुष्पाचे दोन्ही हात खांद्यापर्यंत हलायला लागले. पुढची चाकं डावी-उजवी, डावी-उजवी अशी नाचत होती. टपावरची टोपली खाली आली. कुणाची तरी कोंबडी ओरडली, का कोंबडीवाली ओरडली, ते कळलं नाही.

पुष्पानं ब्रेकवर पाय मारला नाही. तिनं स्टिअरिंग आवळून धरलं, पाय उचलला आणि गाडीला आपसूक हळू होऊ दिलं. काटा विसाच्या खाली आला आणि सगळं थांबलं. एकदम, काही झालंच नसल्यासारखं.

"पुष्पे!" हिराबाईचा आवाज चिरकला. "काय होतं गो हे?"

"माहीत नाय," पुष्पा म्हणाली, आणि ते खरंच होतं. कडेला गाडी घेऊन ती उतरली. टायर फुटलेला नव्हता. नट सगळे जागच्या जागी होते. तोवर बायका पटापट खाली उतरल्या होत्या, आणि जी खोक्याशिवाय कधी उतरत नसे ती वेणूही उडी मारून उतरली होती.

"ऐक गो," हिराबाई लेकीचा दंड धरून म्हणाली. "उद्या माझी पोर या गाडीत बसायची नाय. सांगून ठेवते."

"आये!" दिपिका जवळजवळ रडायलाच आली. "मग आठच राहतील!"

"राहू देत. खेळ पुढल्या वर्षी येईल. पोर येईल का?"

बाकीच्या बायकांनी तिच्या बोलण्याला माना हलवल्या. त्या माना पुष्पाला बोलण्यापेक्षा जास्त लागल्या. तिचे सासरे, तुकाबाबा, पुढच्या सीटवरून हळूहळू उतरले. "अनंता मिस्त्री हितंच फाट्यावर हाये," ते म्हणाले. "त्याला दाखवू. मग बोला काय बोलायचं ते."

फाटा अर्ध्या मैलावर होता. पुष्पानं रिकामी जीप पायाच्या चालीनं हाकली आणि मागून बायका सामान डोक्यावर घेऊन चालत आल्या. "बिनवाजंत्रीची वरात," वेणू म्हणाली. हिराबाई सोडून सगळ्या हसल्या.

अनंता मिस्त्री साठीच्या पुढचा. पत्र्याचं छप्पर, मोहाचं एक झाड आणि झाडाला टेकवलेली सायकल, एवढंच त्याचं गॅरेज. गाडी आली की आधी पाना उचलायचा नाही, आधी विचारायचं, ही त्याची रीत.

"वेग किती होता?"

"पंचेचाळीस."

"ब्रेक दाबलास तेव्हा थरथरली?"

"नाय. उंचवट्यावरून गेली तेव्हा. ब्रेक दाबलाच नाय मी."

"शहाणी आहेस. थांबली कधी?"

"विसाच्या खाली आल्यावर."

"बरं." त्यानं हाताचे तळवे एकमेकांवर चोळले. "म्हणजे इंजिनाला उगाच दोष द्यायला नको. चाकापासून तुझ्या हातापर्यंत जेवढं लोखंड आहे, त्यातलं कुणीतरी खोडी काढतंय. एकेकाला विचारत जाऊ."

त्यानं चारही चाकांची हवा बघितली. ती सारखी होती. मग पुढची दोन चाकं उचलून फिरवून पाहिली. उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल चिकटला होता. तो स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून काढला तेव्हा भाकरीएवढा पोपडा निघाला.

"एवढ्याशानं गाडी हलते?" दिपिकानं विचारलं.

"भिंगरीला एका बाजूनं शेण चिकटव आणि फिरव. बघ कशी नाचते." मग तो पुष्पाकडं वळला. "पण हा चिखल काही आजचा नाही. आणि एवढ्यानं तुझे खांदे हलले नसते. पुढं चला. आता मला हात पाहिजेत, पुष्कळ हात."

त्यानं गाडी जमिनीवर टेकवली, चाकांना पुढून-मागून दगड लावले, इंजिन बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. मग एकेकाला बोलावून जागा वाटून दिल्या. चाकं वळवणारी लांब दांडी, तिच्या दोन्ही टोकांचे सांधे, स्टिअरिंगपासून तिच्यापर्यंत येणारी दुसरी दांडी. जीप उंच असल्यानं बायकांना नुसतं बसून हात पोचत होता. "उंच केल्याचा एवढा तरी फायदा," वेणू म्हणाली.

"डोळ्यांनी बघू नका, हातानं बघा," मिस्त्री सांगत होता. "सांध्याच्या दोन्ही बाजू मुठीत धरा. पुष्पा स्टिअरिंग जरासं हलवील. दोन्ही बाजू एकदमच हलल्या तर ठीक. एक आधी हलली आणि दुसरी मागून आली, तर ओरडायचं."

"मी तेलात हात घालणार नाय," हिराबाई म्हणाली.

"नका घालू. तुम्ही त्या तिथं डाव्या चाकाशी बसा. तिथं तेल कमी आहे."

हिराबाई पदर खोचून बसली. पुष्पा स्टिअरिंग थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं करू लागली. गाडीखालून आवाज येऊ लागले. "माझं ठीक." "माझंपण." तुकाबाबांचं ठीक होतं. दिपिकाचंही. आणि मग हिराबाई किंचाळली, "हितं! हितं टकटकतंय! हा मेला आधी हलतो आणि हा मागून!"

मिस्त्रीनं हात लावून पाहिला. "शाब्बास. चोर धरलात तुम्ही."

हिराबाईचा चेहरा उजळला. दुपारभरात ती पहिल्यांदाच हसली. मिस्त्रीनं डब्यातून नवा सांधा शोधून बसवला, तोवर टपरीवरून चहा आला, आणि चोर आपण कसा धरला ते हिराबाईनं तीन वेळा सांगितलं. पुष्पाचा जीव भांड्यात पडला. उद्याचा प्रश्न सुटला, असं तिला वाटलं.

मिस्त्रीला शेजारी बसवून तिनं गाडी त्याच पट्ट्यावर नेली. पंचेचाळीस. उंचवटा. धाड. आणि स्टिअरिंगला पुन्हा कापरं भरलं. मघापेक्षा कमी, पण भरलंच.

तिनं गाडी परत वळवली. गॅरेजसमोर बायका उभ्या होत्या. तिचा चेहरा बघूनच हिराबाईनं दिपिकाच्या हातातली बुटांची पिशवी काढून आपल्या टोपलीत टाकली.

मिस्त्री मात्र काहीच बिघडलं नसल्यासारखा उतरला. "चोर खरा होता, पण एकटा नव्हता," तो म्हणाला. "पुष्पा, हा सांधा आज ढिला झालेला नाही. झिजायला चार-सहा महिने लागतात. मग इतके दिवस गाडी का नाही थरथरली? मागच्या बाजाराला ठीक होती?"

"एकदम ठीक."

"मग त्या बाजारापासून या बाजारापर्यंत काय बदललं?"

पुष्पा विचार करू लागली. "धुतली. डिझेल भरलं. आणि रविवारी पुढचे पाटे बसवले."

हे सांगताना एरवी तिचा आवाज अभिमानानं चढायचा. गाडीचे धक्के झेलणाऱ्या पुढच्या दोन कमानींपैकी डावीकडच्या कमानीचा एक पाटा तुटला होता. दोन्ही कमानी खोलून तिनं लोहाराकडून दुरुस्त करून आणल्या आणि घरच्या अंगणात, तुकाबाबांना हाताशी घेऊन, परत बसवल्या. कुणाही मिस्त्रीशिवाय. गोरखला तिनं फोनवर दोनदा सांगितलं होतं, आणि गावात कितीदा, ते मोजलं नव्हतं.

"त्यानंतर चालवायला काही वेगळं वाटलं?"

"वळणावर जरा..." ती थांबली. "आधी वळण संपलं की स्टिअरिंग आपोआप फिरून सरळ यायचं. आता ओढून आणावं लागतं. मला वाटलं, पाटे नवे म्हणून कडक असतील."

मिस्त्रीनं चहाचा पेला खाली ठेवला. "हे मघाशी का नाही बोललीस?"

"तुम्ही थरथरीचं विचारलं. वळणाचं कुठं विचारलं?"

"खरं आहे. मीच नीट विचारलं नाही." तो बॅटरी घेऊन गाडीखाली सरकला आणि बराच वेळ तिथंच राहिला. मग आतून हाक आली, "पुष्पा, इकडं ये."

ती शेजारी सरकली. बॅटरीचा उजेड कमानीवर पडला होता. कमान आणि तिच्यावर टेकलेला, दोन्ही चाकांना जोडणारा जाडजूड ॲक्सल यांच्या मधे लोखंडाची एक चपटी पाचर होती, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला निमुळती. दोन्हीकडं एकेक.

"ही पाचर गाडी उंच करताना घातलेली," मिस्त्री हळू आवाजात म्हणाला. "हिची जाड बाजू पुढं पाहिजे. ती मागं आहे. दोन्हीकडं."

पुष्पानं पाचरीवर बोट फिरवलं. रविवारचं अंगण तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. हातात पाचर घेऊन तिनं विचारलं होतं, कुठली बाजू कुठं? आणि तुकाबाबांनी, उभा जन्म नांगर धरलेल्या माणसानं, क्षणाचाही विचार न करता सांगितलं होतं: निमुळतं टोक पुढं, जाड बूड आपल्याकडं. नांगराला पाचर मागूनच ठोकतात. तिलाही ते इतकं पटलं की जुन्या खुणा बघायचं सुचलंच नाही.

"सापडलं का?" बाहेरून हिराबाईचे पाय दिसत होते. "काय होतं? कुणाची चूक?"

 मिस्त्रीनं नुसतं पुष्पाकडं पाहिलं आणि बाहेर सरकला.

पुष्पा एक श्वासभर तिथंच पडून राहिली. भिवंडीच्या मिस्त्रीचं नाव घेतलं असतं तर कुणाला कळणार होतं? तो काय वांगणीला येऊन भांडणार होता? आणि खरं सांगितलं तर, गाडी मी उघडली आणि मीच उलटी बसवली असं सांगितलं तर, कोण आई उद्या पोरीला पाठवील? नऊतली एक गेली तरी सगळं गेलं. पण पुढच्या खेपेला गाडी हलली आणि या बायकांनी विचारलं, तर त्या तिच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवणार होत्या?

ती बाहेर आली आणि हातावरचं ग्रीस फडक्याला पुसत म्हणाली, "माझी चूक. रविवारी पाटे बसवताना आतली पाचर मी उलटी घातली."

 मग तुकाबाबा पुढं झाले. "तिला बोलू नका. बाजू मी सांगितली. नांगराला घालतो तशी."

"तुकाबाबा," हिराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमच्या नांगराला स्टिअरिंग हाये काय?"

वेणूला हसू आवरेना. तुकाबाबाही ओशाळं हसले. हिराबाई मात्र हसली नाही. "बोटभर लोखंड उलटं घातलं तर एवढी गाडी हलते? मला फसवू नका. दाखवा मला."

"दाखवतो," मिस्त्री म्हणाला. त्यानं झाडाची सायकल आणली. "दिपिका, फक्त सीट धर. हँडलाला हात लावायचा नाही. आता पुढं ढकल."

दिपिकानं ढकललं. सायकल सुतासारखी सरळ गेली.

"आता तशीच सीट धरून मागं ओढ."

दोन पावलं मागं येते न येते तोच हँडल गर्रकन वळलं आणि सायकल आडवी झाली. दिपिकानं पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच. मग वेणूनं केलं. मग तुकाबाबांनी.

"हँडलाची दांडी बघा," मिस्त्री म्हणाला. "उभी सरळ नाही, वरून थोडी मागं रेललेली आहे, माणूस आरामात बसतो तशी. म्हणून पुढं जाताना चाक दांडीच्या मागं मागं येतं, गायीमागं वासरू येतं तसं. कुणी धक्का दिला तरी परत ओळीत येतं. मागं ओढलीत की चाक पुढं आणि दांडी मागं, मग ते वाटेल तिकडं पळतं. जीपच्या चाकाचंही तसंच आहे. ज्या खिळीवर ते वळतं, ती खिळी वरून मागं रेललेली पाहिजे. गाडी उंच केली की ती उभी होते, म्हणून ही पाचर. उलटी घातली की खिळी पुढं वाकते. चाकाला कळत नाही सरळ कुठं आहे. त्यात तो सांधा ढिला. धक्का बसला की चाक घरी जायची वाट शोधत डावं-उजवं करत राहतं."

हिराबाईनं स्वतः सायकलीची सीट धरली, एकदा पुढं ढकलली, एकदा मागं ओढली. मग म्हणाली, "बसवा सुलटी. मी बघत्ये."

मिस्त्रीनं पाना पुष्पाच्या हातात दिला. "तूच बसव. मी फक्त सांगतो." जीप चौकटीखाली टेकू देऊन उचलली गेली, यू-बोल्ट सुटले, पाचरी निघाल्या. या वेळी पुष्पानं त्या उजेडात धरल्या. जाड बाजूला जुन्या तेलाचा काळा पट्टा होता, पुढच्या अंगाला राहून उमटलेला. रविवारी तो बघितला असता तर कुणाला विचारायची गरजच नव्हती. तिनं खडूनं जाड बाजूवर बाण काढला, पुढं. हिराबाई चक्क वाकून, मान गाडीखाली घालून बघत होती. "हा जाड भाग पुढं ना? बघू. हां. आता दुसरीकडचा." नट आवळताना तिनं दोनदा सांगितलं, "अजून आवळ."

चाचणीला मिस्त्री आणि पुष्पा निघाले. वळणावर मिस्त्री म्हणाला, "सोड." तिनं बोटं सैल केली आणि स्टिअरिंग आपल्या आपण फिरत सरळ आलं. पट्ट्यावर पंचेचाळीसनं उंचवटा घेतला, मग पन्नासनं. एक धक्का, आणि बास. पुष्पाला हसावं का रडावं ते कळेना, म्हणून तिनं नुसताच हॉर्न वाजवला.

परत येऊन मिस्त्री उतरला, आणि कुणी काही विचारायच्या आत हिराबाई त्याच्या जागेवर चढून बसली.

"चल. आता मला घेऊन."

"आये, मीपण!" दिपिका धावली.

"तू नाय. आधी मी."

पुष्पानं गाडी वळवली. हिराबाईनं एका हातानं खिडकी आणि दुसऱ्या हातानं सीट धरली होती, आणि डोळे पूर्ण उघडे ठेवले होते. पन्नास. उंचवटा. धाड. गाडी सरळ गेली. "परत," हिराबाई म्हणाली. पुष्पानं परत नेली. तिसऱ्यांदाही नेली. चौथ्यांदा हिराबाईनं खिडकीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

फाट्यावर येऊन ती उतरली, टोपलीतून बुटांची पिशवी काढून दिपिकाकडं फेकली आणि बाकीच्यांना म्हणाली, "बघताय काय? अंधार पडायच्या आत पोचायचंय ना? बसा."

मिस्त्री निरोप द्यायला जवळ आला. "महिनाभरानं परत आण. नट आवळून बघू."

"महिनाभर नाय," पुष्पा म्हणाली. "उद्याच येते. पोरींना सोडून."

"सोडलं तर," मागून हिराबाई म्हणाली. पण ती चढलेली होती, आणि या वेळी पुढच्या सीटवर तुकाबाबांच्या जागी. तुकाबाबा मुकाट्यानं मागं बसले.

जीप निघाली.  काटा पंचविसाच्या वर जाऊ द्यायचा पुष्पाला धीर होईना. सरळ रस्ता लागला, तरी पंचवीसच. मागून एक टेम्पो आला आणि पुढं गेला. मग एक मोटरसायकल. मग शेतावरून परतणारा एक म्हातारा सायकलवाला उतारावर घंटी वाजवत पुढं निघून गेला आणि जाताना त्यानं जीपमध्ये वाकून बघितलं.

हिराबाईनं बराच वेळ कळ काढली. शेवटी तिला राहवेना.

"काय गो, उद्या याच चालीनं जाणार हायेस का?" ती म्हणाली. "सामना संपून मास्तर घरी गेलेला असेल. दाब की जरा!"

पुष्पानं तिच्याकडं बघितलं. मागच्या बाकावर दिपिकानं एका पायात नवा बूट घातला होता आणि दुसऱ्याची नाडी ओवत होती.

पुष्पानं पाय दाबला.